रानातील जीवनरक्षणाचे प्रशिक्षण आणि मिशनकार्य : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मिशनकार्यासाठी दुर्गम भागात जाण्यापूर्वी मी रानात तग धरण्याचे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण घेतले. प्रत्यक्ष सेवेत आठ महिने काढल्यानंतर त्यातले काय उपयोगी पडले, हे या वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

सर्वाधिक उपयोग पाण्याच्या पाठाचा झाला. खळखळून उकळी फुटल्यावर पाणी किमान १ मिनिट, तर २,००० मीटरहून अधिक उंचीवर ३ मिनिटे उकळत ठेवायचे. सरपण नसेल तेव्हा नितळ पाणी पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून ६ तास कडक उन्हात, आणि आभाळ भरून आले असेल तर सलग २ दिवस ठेवायचे, हा नियम आम्ही चौघांनी कसोशीने पाळला. तो एकदाच मोडला. थकलेला एक सहकारी ओढ्याचे पाणी तसेच प्यायला आणि त्याला जुलाब सुरू झाले. तेव्हा १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचाच अर्धा चमचा मीठ, हे शिबिरात पाठ केलेले प्रमाण रात्रभर कामी आले.

उलट, लाकडावर लाकूड घासून अग्नी पेटवण्यात आमचे दोन पूर्ण दिवस गेले आणि त्याची गरज मला आजवर पडलेली नाही, कारण मेणात बुडवलेल्या आगकाड्या पुरल्या. हिवतापाला मात्र जेमतेम अर्धा तास मिळाला, ही माझी गंभीर तक्रार आहे. आफ्रिकेत गेलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या पत्नी मेरी १८६२ मध्ये तिथल्या झांबेझी नदीच्या काठी हिवतापानेच वारल्या. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे आणि ताप येताच विलंब न लावता रक्त तपासून घेणे, हे मला नंतर स्वतःच शिकावे लागले.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. बायबल-अनुवादकांसाठी मेक्सिकोतील चियापास येथे १९४०च्या दशकात सुरू झालेल्या जंगल-शिबिरात गावकऱ्यांसोबत राहण्याचा भागही असे. आमच्या शिबिरात मात्र रान जणू निर्मनुष्य आहे, असेच गृहीत धरले होते. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात जहाज फुटून २७६ जण मेलिता बेटावर पोहोचतात, तेव्हा पाऊस आणि थंडी पाहून शेकोटी तिथले रहिवासी पेटवतात. त्या जहाजावरचा प्रेषित पौल तिच्यात घालायला काटक्या गोळा करतो. हा उतारा मी अनेकदा वाचला होता, पण त्याचा अर्थ इथल्या पहिल्या रात्री, आम्ही चिंब भिजून पोहोचलो आणि एका कुटुंबाने आम्हाला चुलीपाशी जागा दिली, तेव्हा कळला. त्या घरी सरपण आणण्याचे काम दुसऱ्याच सकाळी मी मागून घेतले, आणि ते आजही माझ्याकडेच आहे.