बीमची कंपनं मोजणारा सेन्सर: उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतर

स्ट्रक्चरल ऑडिट हे माझं रोजचं काम. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब नुसार ते करावंच लागतं. पण ऑडिट होतं कधीतरी एकदा, बीम मात्र रोज खराब होत राहतो. म्हणून दादरच्या एका सोसायटीत स्टिल्ट पार्किंगमधल्या चार बीमना एडीएक्सएल३५५ चिपवर बेतलेले अ‍ॅक्सिलरोमीटर, म्हणजे बारीक थरथर मोजणारे सेन्सर, लावले.

चिप उत्तम आहे. नॉइज, म्हणजे चिपची स्वतःची खरखर, इतका कमी, की बाहेरून बेस्टची बस गेली तरी कामापुरता सिग्नल मिळतो. खरी मेहनत बसवण्यात आहे. आधी प्लास्टर ठोकून बघा. पोकळ वाजलं तर सेन्सर बीमची नाही, सुटलेल्या प्लास्टरची थरथर मोजणार. तेवढा भाग फोडून काँक्रीट उघडं करायचं, तारेच्या ब्रशने साफ करायचं, मगच इपॉक्सीने सेन्सर चिकटवायचा.

तडा गेला की बीमचा ताठरपणा घटतो आणि नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का बसल्यावर तो सेकंदाला किती वेळा कंप पावतो तो आकडा, उतरते. पण ती ताठरपणाच्या वर्गमुळात बदलते, म्हणजे ताठरपणा १० टक्के घटला तर वारंवारता जेमतेम ५ टक्के. एवढा फरक हवामानानेही पडू शकतो. स्वित्झर्लंडच्या झेड-२४ पुलावर थंडीत डांबर कडक झालं आणि वारंवारता वर गेली होती. आपल्याकडे मे महिन्याचं ऊन आणि जुलैत भिजून जड झालेला कोबा आहे. त्यामुळे एकट्या बीमच्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही. शेजारचे बीम सोबत मोजायचेच.

त्याचाच फायदा झाला. पावसाळ्यात तीन बीमची पहिली, म्हणजे सर्वात खालची, वारंवारता किंचित हलली, चौथ्याची मात्र ४ टक्क्यांनी उतरली. त्याची दुसरी, म्हणजे तिच्या वरची, वारंवारता जवळपास तशीच होती. दोन्ही टोकांना टेकलेल्या बीमचा मध्य दुसऱ्या कंपनात स्थिर असतो आणि तिथे वाकतही नाही, म्हणून मध्यावरच्या तड्याने ती वारंवारता बदलत नाही; तेव्हा संशय मध्यावरच होता. तिथलं प्लास्टर काढलं तर खालच्या सळया फुगलेल्या, कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) सुटलेलं आणि बोटाला जाणवेल असा आडवा तडा.

गंज नुकता धरलेला असेल तर हे यंत्र गप्प बसतं. त्यासाठी हाफ-सेल चाचणीच हवी, जी सळईचा विद्युत विभव मोजून गंजाची शक्यता सांगते. आणि जॅक लावून बीमला टेकू दिला, की जुने आकडे बाद. दुरुस्ती झाल्यावर जॅक काढायचे आणि नवी मोजणी घ्यायची. सोसायटीला हे आधीच लेखी द्या, नाहीतर टेकूमुळे वाढलेला आकडा बघून बीम सुधारला असं समजतात.