प्राण्यामागे मावळता सूर्य: अपर्चर प्रायॉरिटी की मॅन्युअल?

प्राण्याच्या मागे सूर्य ठेवून फोटो काढायला लागलं की हा प्रश्न येतोच: अपर्चर प्रायॉरिटीवर (लेन्सचं छिद्र आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) राहून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) भागवायचं, की सगळं स्वतः ठरवायला सरळ मॅन्युअलवर जायचं? मी दोन्ही पुष्कळ वापरून पाहिलंय आणि दोन्हींनी सुंदर फोटो मिळतात. त्यामुळे एकाला सरसकट बाद ठरवणार नाही. संध्याकाळच्या शेवटच्या तासापुरतं मात्र माझं मन एका बाजूला झुकलंय.

अपर्चर प्रायॉरिटीचं म्हणणं आधी ऐकून घेऊ, कारण ते लंगडं नाही. सूर्य ढगाआड जातो, पुन्हा डोकावतो, आणि शटर आपोआप जुळत राहतं. पक्षी अचानक उडाला तर बोट डायलवर पोचायच्या आत फोटो मिळून जातो. दिवसभर सूर्य माझ्या पाठीशी असतो तेव्हा मीही याच मोडवर असतो.

खटका उडतो तो उजेड समोरून यायला लागल्यावर. मीटरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला, हरीण कळत नाही. त्याला कळतो फ्रेममधला एकूण उजेड, आणि तो त्याला मधल्या करड्या छटेवर आणून बसवायचा असतो. समजा, हरणांचा कळप गर्द झाडीपुढून चाललाय. मागे काळोख, म्हणून मीटर फोटो उजळवायला बघतं आणि कानाच्या केसांवरची सोनेरी कड पांढरीफटक पडते. ती वाचवायला मी कॉम्पेन्सेशन उणे १.३ च्या आसपास नेतो, शटर १/१००० ला येतं आणि कड सुरेख उतरते. चार पावलं पुढे झाडी विरळ होते, फटीतून उजळ आकाश फ्रेममध्ये शिरतं, आणि तेच मीटर शटर १/४००० वर नेऊन ठेवतं. हरणावरचा प्रकाश तसूभरही बदललेला नसतो, तरी फोटो दोन स्टॉप काळा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). कानाची कड मंदावते, नाकपुडीपाशी उडालेली धूळ दिसेनाशी होते.

याच एका त्रासाने माझा निर्णय केला. सलग काढलेल्या फ्रेम्स संगणकावर उघडाव्यात, तर एक उजळ, दुसरी काळी, तिसरी मधेच कुठेतरी. एका फ्रेमवर केलेली दुरुस्ती दुसरीला चालत नाही. आणि मान वळलेली, पुढचा पाय उचललेला, अशी हवी ती फ्रेम नेमकी आकाशाच्या फटीपुढची निघते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) दोन स्टॉप वर ओढता येते, नाही असं नाही. पण संध्याकाळी आयएसओ (सेन्सरची उजेडासाठीची संवेदनशीलता) आधीच चढलेला असतो आणि अंगावरच्या सावलीत दाणे उठतात.

यावर स्पॉट मीटरिंग, म्हणजे फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्याचाच उजेड मोजणं, सुचवलं जातं. माझ्या अनुभवात त्याने फारसं साधत नाही. ठिपका प्राण्याच्या सावलीतल्या अंगावर पडला की मीटर तेच अंग उजळवतं आणि मागचं आकाश जळतं. शिवाय बऱ्याच कॅमेऱ्यांत हा ठिपका मध्यावर खिळलेला असतो, प्राणी मात्र आपण कडेला घेतलेला. एक्स्पोजर लॉक, म्हणजे एकदा मोजलेलं एक्स्पोजर बटणाने धरून ठेवणं, त्याहून बरं. पण मागच्या बटणाने फोकस करायची सवय असेल, तर अंगठा एकच आणि बटणं दोन.

मॅन्युअलवर हा सगळा गुंता सुटतो. छायाकृती हवी असेल तर सूर्य फ्रेमबाहेर ठेवून त्याच्या शेजारचं आकाश मोजायचं आणि तिथेच थांबायचं. सोनेरी कड हवी असेल तर एक चाचणी फोटो काढून स्क्रीनवर लुकलुकणारे, म्हणजे पांढरेफटक पडलेले भाग बघायचे. कडेवर केसाएवढी रेघ लुकलुकली तर मी सोडून देतो, कारण तो इशारा जेपेगवरून येतो आणि रॉमध्ये थोडं जास्त शिल्लक असतं. पाठीवर पट्टाच लुकलुकत असेल तर एक-दोन क्लिक खाली. यानंतर कळप झाडीपुढून जावो की आकाशापुढून, कड तशीच येते. फक्त ऑटो आयएसओ बंद हवा. तो चालू राहिला तर मोडचं नाव मॅन्युअल, पण ठरवतं पुन्हा मीटरच.

मॅन्युअलचीही कटकट आहे. उजेड भराभर उतरतो आणि आपण गुंगलेले असतो. क्षितिजाला टेकलेली तबकडी बुडायला विषुववृत्ताजवळ दोनेक मिनिटं पुरतात, तिथून दूर जरा जास्त. म्हणून मी आयएसओ अंगठ्याखालच्या डायलवर ठेवतो. दर क्लिकला एक तृतीयांश स्टॉप, तेही डोळा व्ह्यूफाइंडरवरून न काढता. काही दिवसांत बोटांना ते आपसूक जमतं. मिररलेस म्हणजे बिनआरशाच्या कॅमेरेवाल्यांना तर परिणाम व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसतो. आरशाचा कॅमेरा आणि लांब लेन्स असेल, तर सूर्य फ्रेममध्ये असताना व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दोन्ही मोडमध्ये ऑटोवरून काढून ढगाळवर ठेवा, नाहीतर कॅमेरा नारिंगी रंग धुऊन टाकतो.

चालत्या गाडीतून फोटो काढत असाल, किंवा पक्षी घिरट्या घालत कधी सूर्यासमोर, कधी पाठीला उजेड ठेवून उडत असतील, तर अपर्चर प्रायॉरिटीवर राहिलात म्हणून मी नावं ठेवणार नाही. तिथे प्राण्यावरचा प्रकाशच बदलत असतो. पण पाणवठ्यापाशी बसून वाट बघायची असेल आणि सूर्य कुठे उतरणार हे समोर दिसत असेल, तर मॅन्युअलचं सेटिंग कॅमेऱ्याच्या मोड डायलवरच्या सी १ किंवा यू १ अशा, आपली सेटिंग्ज साठवायच्या जागेवर भरून ठेवा. दिवसभर आपल्या सवयीच्या मोडवर राहता येईल आणि सावल्या लांबायला लागल्या की डायल फक्त एकदा फिरवावा लागेल.