सायपायचं ‘पर्म्युटेशन_टेस्ट’: हत्यार चांगलं, डिफॉल्ट घातक

पायथनच्या सायपाय या वैज्ञानिक गणनेच्या लायब्ररीत १.८ आवृत्तीपासून मिळणारं हे फंक्शन आकडे पुन्हापुन्हा पिसून पाहतं, की दिसलेला फरक निव्वळ योगायोगाने येऊ शकतो का. जोडीच्या मोजमापांसाठी (उदा. एकाच माणसाची आधीची आणि नंतरची) ते छान आहे, पण जसंच्या तसं चालवलं तर चुकीचं उत्तर देतं आणि कुरकूरही करत नाही. कसं पिसायचं हे ठरवणारा ‘पर्म्युटेशन_टाइप’ मुळात ‘इंडिपेंडंट’वर असतो. म्हणजे सगळे आकडे एकत्र पिसले जातात, जोड्या मोडतात, आणि जोडी लावून बाजूला काढलेला माणसामाणसातला फरक पुन्हा आत शिरतो. तिथे ‘सॅम्पल्स’ लिहा. मग अदलाबदल जोडीच्या आतच होते. फरकांचा एकच स्तंभ दिलात, तर तो नुसती चिन्हं पालटतो.

पारखायला डार्विनचा मका घ्या. परपरागित आणि स्वपरागित रोपांच्या १५ जोड्या, इंचाच्या आठव्या भागात मोजलेल्या उंचीच्या फरकांची बेरीज ३१४. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९३५ मध्ये या फरकांच्या धन-ऋण चिन्हांच्या सगळ्या ३२,७६८ रचना धरल्या. त्यांतल्या १,७२६ मध्ये बेरीज धन किंवा ऋण बाजूला तितकी किंवा जास्त, म्हणजे पी (निव्वळ योगायोगाने इतका किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) ०.०५२७. सरासरीचा फरक तपासणारी नेहमीची टी-टेस्ट ०.०४९७ म्हणते. फंक्शनकडून फिशरचाच आकडा हवा तर ‘एन_रीसॅम्पल्स’ (किती रचना तपासायच्या) अनंत ठेवा. डिफॉल्ट ९,९९९ मध्ये पूर्ण मोजणी १३ जोड्यांपर्यंतच (८,१९२ रचना) होते. पुढे यादृच्छिक निवड सुरू होते आणि दर वेळी पी थोडा हलतो. ०.०५ या रूढ मर्यादेच्या अशा काठावरच्या निकालात ते परवडत नाही.

उलट टोकाला ५ जोड्या असतील तर रचना अवघ्या ३२. दुतर्फा पी ०.०६२५ च्या खाली जाऊच शकत नाही, डेटा कितीही बोलका असो.

तीन अवस्था असतील तर अवस्थांच्या सरासऱ्यांचं विचरण (त्या किती विखुरल्या आहेत) हे मोजायचं संख्यामान म्हणून द्या, पण कोणती बाजू मोजायची ते ठरवणाऱ्या ‘अल्टरनेटिव्ह’ला ‘ग्रेटर’ करा. तसंच सोडलं तर दुतर्फा हिशोबात लहान बाजूचा पी दुप्पट होतो; इथे फक्त मोठी मूल्यंच ‘फरक नाही’ या गृहीतकाच्या विरोधात साक्ष देतात. हा दोष दस्तऐवज वाचूनही सहज निसटतो.

एका माणसाची एकाच अवस्थेतली दहा मोजमापं असतील तर आधी त्यांची सरासरी काढा. दहाही ओळी वेगळ्या दिल्या की एक माणूस दहा माणसं म्हणून मोजला जातो आणि पी फसवा लहान येतो. उपचार-गट आणि वेळ यांची आंतरक्रिया (आधी-नंतरचा बदल गटागणिक वेगळा आहे का) हे फंक्शन थेट तपासत नाही. माणसागणिक आधी-नंतरचा फरक काढून गटांची नावं पिसायची, आणि तिथे मात्र ‘इंडिपेंडंट’च बरोबर. तीन-चार वेळांचा डेटा, जवळच्या वेळा एकमेकींशी जास्त जुळणाऱ्या, असेल तर आधी विचारा: शून्य गृहीतकाखाली (काहीच फरक नाही असं धरून) या वेळा खरंच अदलाबदल करता येतील का? तो प्रश्न सायपाय विचारत नाही.