गिली एअरहून बालीला परतताना आमचे ३७,५०,००० रुपिया गेले, जाणाऱ्यांनी वाचा

लिहू की नको करत तीन आठवडे गेले. लाज वाटते म्हणून नाही लिहिलं, खरं सांगते. पण परवा ओळखीतलं एक जोडपं बाली-लोंबोकची तिकिटं काढतंय असं कळलं आणि मग राहवेना.

मी बँकेतून रिटायर झाले, यांनी त्याच्या आधी व्हीआरएस घेतली होती. मुलीचं लग्न झालं, घर बंद केलं आणि पाच महिने फिरायला निघालो. व्हिएतनाम, लाओस, थायलंड, मलेशिया आणि शेवटी इंडोनेशिया. लाओसला मेकाँगवरून दोन दिवस लाकडी बाकावर बसून बोटीने आलो, थायलंडमध्ये रात्रीच्या बसा, रिक्षावाल्यांशी घासाघीस, सगळं केलं. हे रोज रात्री वहीत हिशोब लिहायचे, चहापासून टॉयलेटच्या पैशापर्यंत. १४१ दिवस झाले होते आणि एकदाही कुणी मोठा गंडा घातला नव्हता. सांगायचं कारण म्हणजे आम्ही काही पहिल्यांदा घराबाहेर पडलेली माणसं नव्हतो.

हिशोबासाठी आधीच सांगते, आम्हाला जो दर पडला त्याप्रमाणे १ लाख रुपिया म्हणजे आपले साधारण ५४० रुपये. तिकडे दहा लाखाला जुता म्हणतात आणि सगळे बोलताना 'दीड जुता' असं पटकन सांगतात, तुमचं डोकं शून्यं मोजत राहतं तोवर पैसे दिलेले असतात.

बालीच्या पूर्व किनाऱ्यावर पडांगबाई बंदर आहे, तिथून शेजारच्या लोंबोक बेटाजवळच्या छोट्या गिली बेटांच्या फास्ट बोटी सुटतात, गिली एअर त्यातलंच एक. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना टेबलं आणि बोर्ड. आम्ही ज्याच्याकडे थांबलो तो पस्तिशीचा, स्वच्छ शर्ट, गळ्यात ओळखपत्र, इंग्लिश चांगलं. एकेरी तिकीट माणशी ४,००,०००, जाऊन-येऊन घेतलं तर माणशी ७,५०,०००, परतीची तारीख ओपन, आदल्या दिवशी फक्त मेसेज करायचा, शिवाय परतल्यावर बालीतल्या सानुरच्या हॉटेलपर्यंत गाडी फुकट. मी म्हणलं, एकेरीच घेऊ. हे म्हणाले, अगं येताना परत घासाघीस कोण करणार, लाखभर वाचतायत. मग मीच मान डोलावली. दोघांचे १५,००,००० रोख मोजून दिले. कार्ड चालत नाही म्हणाला. तिथेच निघून यायला हवं होतं, पण कार्ड न चालणं तिकडे इतकं नेहमीचं आहे की खटकलं नाही.

खटकायला हवं होतं ते पुढचं. मी तीन आठवडे रात्री झोपताना तेच बघतेय डोळ्यांसमोर. त्याने तिकीटबुक काढलं, वर पांढरा कागद, खाली गुलाबी, मध्ये कार्बन. आमची नावं लिहिली, जायची तारीख लिहिली, बोटीची वेळ लिहिली. मग पान सरळ करतोय असं दाखवत दोन बोटांनी कार्बन बाहेर ओढला, टेबलावर उपडा ठेवला, आणि मग परतीच्या रकान्यात पेनाने ठळक 'ओपन' लिहून खाली शिक्का मारला. कार्बनची शाई त्याच्या अंगठ्याला लागली ती त्याने कागदाच्या कडेला पुसली. तो निळा डाग आमच्या तिकिटावर अजून आहे. मी ते पाहिलं! समोर उभी राहून पाहिलं, आणि मनात काय आलं तर कार्बन जुना झाला असेल, आता बदलेल. अहो, २९ वर्षं मी व्हाउचर तपासलीत, कार्बन कॉपीवरचा आकडा आणि वरचा आकडा जुळतो का हेच माझं काम होतं. खालची प्रत दाखव एवढं म्हणायचं होतं. एवढंच. पण बोट सुटायला वीस मिनिटं होती, मागून कुणीतरी बॅगा उचलून चालायला लागलं होतं, ऊन मरणाचं होतं, आणि पाच महिने झाले की माणूस थकतो हो, प्रत्येक कागद तपासायची ताकद उरत नाही. हे मी स्वतःला रोज सांगते, आणि तरी पटत नाही.

गिली एअरचे आठ दिवस सुंदर गेले, ते खोटं नाही सांगत. तिथे मोटारगाड्याच नाहीत, घोडागाडी नाहीतर सायकल नाहीतर पायी. त्याबद्दल पुन्हा कधी.

आमच्या व्हिसाचा तिसावा दिवस म्हणजेच विमानाचा दिवस, दुपारी ४ वाजता बालीतल्या देनपसारहून. इंडोनेशियाचा व्हिसा ऑन अरायव्हल ३० दिवसांचा, आल्याचा दिवस त्यात धरतात, आणि एक दिवस जरी जास्त राहिलात तर माणशी १०,००,००० रुपिया दंड. म्हणून आम्ही एक अख्खा दिवस हातात ठेवून एकोणतिसाव्या दिवशी सकाळीच निघालो. आदल्या दिवशी तिकिटावरच्या नंबरला मेसेज केला, 'कन्फर्म' असं लगेच उत्तर आलं, वर अंगठा. सकाळी साडेनऊला धक्क्यावरच्या काउंटरला गेलो तर तिथली मुलगी यादी बघते, आमची नावंच नाहीत. तिने ऑफिसला विचारलं आणि फोनवर आलेला गुलाबी प्रतीचा फोटो आम्हाला दाखवला. परतीचा रकाना कोरा आणि खाली कुणीतरी लिहिलेलं 'सकाली जालान'. मी विचारलं म्हणजे काय, तर म्हणाली वन वे. जाऊन-येऊन तिकिटाला ते 'पुलांग पर्गी' लिहितात. हे शब्द मला आठ दिवस आधी माहीत असते तर! तुम्ही मात्र आत्ताच पाठ करून ठेवा.

ती मुलगी खोटं बोलत होती असं मला आजही वाटत नाही. तिच्या कंपनीला पैसे एकेरीचेच पोचले होते, वरचे ७,००,००० त्या टेबलवाल्याच्या खिशात. मी म्हणलं ठीक, आत्ता नवीन तिकीट दे. ती यादीकडे बघत होती तेवढ्यात बाजूला उभा असलेला निळ्या टीशर्टातला माणूस मध्ये पडला, फुल्ल आहे, आज सगळ्या फुल्ल आहेत, आणि उद्या हार्बर बंद, लाटा मोठ्या आहेत. मुलगी गप्प बसली. का गप्प बसली देव जाणे.

आणि इथे मी दुसरी चूक केली, पहिलीपेक्षा मोठी. घाबरून मी त्या माणसाला सगळं सांगितलं. उद्या चार वाजता विमान आहे, व्हिसाचा शेवटचा दिवस आहे, काहीही करा पण आज पोचवा. तो एकदम मऊ झाला, 'ममा, डोंट वरी'. खिशातून कॅल्क्युलेटर काढला. दोन माणसं, एक दिवस, २०,००,००० दंड, असं मलाच करून दाखवलं. मी तुम्हाला १९,००,००० मध्ये आज पोचवतो म्हणाला, इथून पब्लिक बोटीने लोंबोकला बांगसाल, तिथून गाडी, मग लेंबार बंदरातून मोठी फेरी, पडांगबाईला उतरलात की दारात गाडी. आकडा दंडापेक्षा बरोब्बर एक लाखाने कमी, बघा. तो आकडा मीच त्याच्या हातात दिला होता.

लाटांचं खोटं खपतं कारण ते पूर्ण खोटं नसतं. लोंबोकची सामुद्रधुनी साधी नाही, पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागरात उतरायच्या वाटांपैकी ती एक मोठी वाट, प्रवाह जोरदार, ऑगस्टच्या सुमाराला वारा असतो आणि कधीकधी बंदर अधिकारी फास्ट बोटी खरंच बंद ठेवतात. आम्ही ते ऐकून होतो. पण त्यांच्या हवामान खात्याचा, बीएमकेजीचा, लाटांचा अंदाज फोनवर दोन मिनिटांत दिसतो, तो बघायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी बोटी चालू होत्या, मी स्वतः पडांगबाईला उभी राहून पाहिल्या. आणि ती 'फुल्ल' बोट आमच्या डोळ्यांदेखत सुटली तेव्हा मागच्या तीन रांगा रिकाम्या होत्या. यांनी माझा दंड धरून दाखवल्या. तोवर १९,००,००० देऊन झाले होते, तो माणूस बॅगा घेऊन पुढे चालत होता.

बांगसालपर्यंतची पब्लिक बोट आपल्या शंभर-सव्वाशे रुपयांत जाते हे नंतर कळलं. पंधरा मिनिटांत उतरलो. तिथे जो ड्रायव्हर होता त्याने आमची चिठ्ठी बघितली आणि म्हणाला ही फक्त बोटीची, गाडीचे ८,००,०००. भांडलो, मी रडले, हे कधी आवाज चढवत नाहीत ते ओरडले. आजूबाजूला दहा-बारा जण नुसते उभे. गेटवरच्या युनिफॉर्ममधल्या माणसाला चिठ्ठी दाखवली तर त्याने ती वाचली, घडी घालून परत दिली आणि ड्रायव्हरकडे बोट केलं. शेवटी ६,५०,००० वर तुटलं. एवढं मात्र खरं की फेरीची तिकिटं त्या ड्रायव्हरने त्याच्या पैशाने काढून दिली. लेंबारला फेरी लगेच मिळाली नाही, मग पुढे समुद्रावर पाच तास, पडांगबाईला उतरलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि दारात कसली गाडी, कुत्रं नव्हतं. सानुरच्या हॉटेलचे २,१५० रुपये आधी भरलेले, ते पण गेले. रात्र वेटिंग हॉलच्या खुर्च्यांवर काढली कारण मला सकाळी तक्रार केल्याशिवाय हलायचंच नव्हतं.

या तक्रारीबद्दल काय सांगू. फसवणाऱ्याचा राग एक वेळ विरतो, याचा विरत नाही. सकाळी आठला बंदराजवळच्या चौकीत गेलो. पाऊण तास बाकावर. मग एक जण आला, म्हणाला लेखी द्या, आमच्या भाषेत द्या. फोनवर भाषांतर करून लिहून काढलं. मग पासपोर्टची झेरॉक्स हवी, झेरॉक्सवाला दहाला उघडतो. दहाला झेरॉक्स नेली तर तोवर माणूस बदललेला! नव्याने पहिल्यापासून. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला तुम्हाला बोट नाकारली गिली एअरला, तो वेगळा प्रांत, तिकडे जाऊन तक्रार द्या. मी म्हणलं तिकीट विकलं ते टेबल इथून दोनशे पावलांवर आहे, चला दाखवते. तर म्हणे तिकीट खरं आहे ना, तुम्ही गेलात ना त्या बोटीने, मग फसवणूक कुठे झाली? गेलात ना! यावर काय बोलणार? टेबलाच्या जागी दुसराच पोरगा शहाळी विकत होता. नंबरवर मेसेज टाकला, एकच टिक. साडेअकराला विमानतळाची गाडी केली, ५,००,०००, कारण आता थांबलो असतो तर खरंच दंड बसला असता. तक्रारीची पोच द्या म्हणलं, तीही नाही दिली.

आणि त्या पोचेवाचून पुढचं सगळं अडलं. घरी आल्यावर ट्रॅव्हल इन्शुरन्सला मेल केला, ते म्हणतात पोलीस रिपोर्ट जोडा. रिपोर्ट देत नाहीत असं कळवलं, तर उत्तर आलं की पोलीस रिपोर्टशिवाय क्लेम उघडता येत नाही. मग फोन लावला, बावीस मिनिटं होल्डवर ठेवून सांगितलं की तसंही रोख पैशाची फसवणूक पॉलिसीत बसत नाही, फक्त प्रवास लांबला तर बघू, त्यासाठी बोट कंपनीचं सर्टिफिकेट आणा. ज्या कंपनीच्या यादीत आमची नावंच नव्हती तिचं सर्टिफिकेट? दोघांचा प्रीमियम पाच महिन्यांचा २३,८०० भरलाय मी, एक दिवस उशीर न करता. कार्डवाल्या बँकेला तर काही विचारण्यात अर्थच नव्हता, रोख दिलेल्याला बँक काय करणार, ते मला माहीत आहे.

जाणार असाल तर ऐका. ओपन रिटर्न घेऊ नका, लाख रुपिया जास्त जाऊ देत, दोन्ही वेळेला एकेरी घ्या. तिकीट लिहिताना खालची प्रत मागा, दोन्ही प्रतींचा आणि लिहिणाऱ्याचा बोर्डासकट फोटो काढा, फोटोला नाही म्हणाला तर सरळ निघा. विमान कधी, व्हिसा कधी संपतो हे कुणालाही सांगायचं नाही, हॉटेलवाल्यालाही नाही. 'बोटच नाही' हे कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा, लेंबार-पडांगबाई मोठी फेरी दिवसरात्र चालते आणि तिचं तिकीट बंदरातल्या खिडकीवर माणशी लाखाच्या आत मिळतं. बांगसालला रस्त्यात अडवणाऱ्यांशी बोलू नका, चालत आत जा, पब्लिक बोटीच्या तिकिटाची खिडकी आत आहे. आणि बेटं शेवटी ठेवू नका. आम्ही 'शेवटी निवांत' म्हणून ठेवली होती, एक दिवस राखीव पुरत नाही, तीन ठेवा.

तो निळ्या टीशर्टवाला आणि टेबलवाला एकमेकांना ओळखत होते का, मला सिद्ध करता येणार नाही. पण मेसेज केल्यावर आम्ही किती वाजता धक्क्यावर येणार हे फक्त टेबलवाल्यालाच माहीत होतं.

यांच्या वहीत त्या दिवसाचं पान कोरंच होतं. पाच महिन्यांत तेवढं एकच. हे लिहायला बसण्याआधी मी ते भरलं: परतीचं तिकीट ७,००,०००, निळा टीशर्ट १९,००,०००, बांगसाल गाडी ६,५०,०००, विमानतळ गाडी ५,००,०००. एकूण ३७,५०,००० रुपिया, म्हणजे २०,२५० रुपये, हॉटेल धरून २२,४००. यांनी बघितलं, काही बोलले नाहीत, फक्त खाली तारीख घातली.