बोलणारं पेन: पुस्तकं ठेवा तुमच्याकडे, कोरे स्टिकर तेवढे द्या

पेनानं गेल्या आठवड्यात चार्जिंग घेणं बंद केलं आणि सर्व्हिसवाल्यांनी डोकं फिरवलं, म्हणून लिहायला बसले. कंपनीचं नाव देत नाही. बाजारात अशी बरीच पेनं आहेत आणि खोक्यावरचं कार्टून सोडलं तर मला तरी त्यांत फारसा फरक दिसला नाही.

पेन काय करतं ते बहुतेकांना माहीत असेल. पानावर डोळ्यांना जेमतेम दिसतील इतके बारीक ठिपके छापलेले असतात. टोकातला कॅमेरा ते ठिपके ओळखतो आणि मेमरीत साठवलेला त्या जागेचा आवाज लावतो. थोडक्यात, पेन वाचत काहीच नाही, त्याला फक्त पत्ता कळतो. म्हणून त्याच्या पुस्तकाची झेरॉक्स चालत नाही (काढून पाहिली, पाच रुपये गेले) आणि घरातलं दुसरं कुठलंही पुस्तक दाखवलं तर ते मख्ख बसतं. साडेतीन हजारांत पेन, आठ पुस्तकं, एक प्लॅस्टिकचा स्टँड आणि कोऱ्या गोल स्टिकरची दोन पानं. स्टँडबद्दल काही लिहीत नाही, तो त्याच दिवशी मोडला.

घ्यायचं कारण मुलाचं मराठी. तिसरीत आहे, इंग्रजी माध्यम. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीचं झालं, पण घरात अखंड मराठी बोलणारा मुलगा मराठीचं पुस्तक उघडलं की गप्प. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाचे लोक २००५ पासून गावोगावी मुलांचं वाचन तपासतात, तो चाचणीचा कागद नेटवर फुकट मिळतो: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. घरीच घेतली. आमचे चिरंजीव शब्दांपर्यंत टुणटुण आले आणि परिच्छेदात रुतले. मग रात्री अकराला ऑनलाइन ऑर्डर. असले खर्च रात्रीच होतात.

पहिले काही आठवडे माझं मत एका शब्दाचं होतं: भंगार. कारण 'च'.

हसू नका. पेनातल्या बाईंना मराठी येत नाही. त्या 'चमचा' म्हणताना 'चहा'तला च लावतात. चाक, चूल, चांदणी, सगळीकडे चहाच. 'जवळ'मधला ज 'जिराफ'मधला, 'झाड'मधला झ सरळ हिंदीतला. लिहिताना च एकच असतो, त्यामुळे कुठला कुठे म्हणायचा हे मूल कानानंच शिकतं, आणि कानाशी मी साडेतीन हजारांचा हा भोंगा आणून ठेवला! मुलगा एकदा जेवताना 'मला चमचा दे' हे असं काही म्हणाला की आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ताटावरून मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. कस्टमर केअरला फोन केला. त्या मुलीचं उत्तर: 'मॅडम, आमच्या व्हॉइस आर्टिस्ट प्रोफेशनल आहेत.' मी तिला 'चमचा' म्हणायला लावलं. तीही चहाचाच च म्हणाली. विषय संपला.

दुसरी तक्रार खरं तर जास्त गंभीर आहे, पण माझा जीव चमध्येच अडकला होता. पेन शब्द तयार वाढून देतं. आमचा मुलगा 'पर्वत' हे 'पवर्त' असं वाचायचा, कारण रफार दिसतो व-च्या डोक्यावर. असं वाचणारी मुलं घरोघरी आहेत. पेन टेकवलं की 'पर्वत' असा स्वच्छ आवाज येई, हाही पोपटासारखा 'पर्वत' म्हणे, आणि पान उलटलं की पुन्हा 'पवर्त'. रफाराचा र व-च्या आधी म्हणायचा, हे त्याला ना पेन सांगत होतं, ना पेनामुळे सांगायची वेळ आमच्यावर येत होती. पुढे पुढे तर तो डोळ्यांनी बघण्याआधीच टोक टेकवायचा. ऐकायची हौस भागत होती आणि वाचायचं काम बाजूलाच राहत होतं. पेन कपाटात गेलं.

तिथून ते आप्पांनी काढलं. आप्पा एसटीत कंडक्टर होते, आवाज अजून पहिल्या सीटपासून शेवटच्या सीटपर्यंत जाईल असा. कोऱ्या स्टिकरवर आपला आवाज भरता येतो हे त्यांनी माहितीपत्रक वाचून शोधलं. (घरात माहितीपत्रक वाचणारे ते एकटेच.) ई-बालभारतीच्या साइटवरून दुसरीच्या मराठीच्या पुस्तकाची पीडीएफ फुकट घेतली, हवे ते धडे छापले आणि परिच्छेदाशेजारी एकेक स्टिकर. त्यात आप्पा धडा वाचून दाखवत नाहीत, अडेल तिथलीच वाट सांगतात: 'प म्हण. आता डोक्यावरचा र म्हण, मग व. आता एकदम म्हण बघू.' उत्तर देत नाहीत. मुलाला पेन टेकवूनही शब्द स्वतःच जुळवावा लागतो. आणि च अस्सल, पंढरपुरी.

इथपासून माझं मत फिरलं. पुढची गंमत मुलानंच शोधली. आजोबांच्या स्टिकरखाली त्यानं आपला स्टिकर लावला आणि स्वतःचं वाचन भरलं. ऐकलं. तोंड वाकडं केलं. पुसलं, परत भरलं. एक अख्खी ओळ गाळली होती हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं. मी सांगितलं असतं तर भांडला असता. तोच उतारा मोठ्यानं पुन्हा पुन्हा वाचल्यानं वाचनाला ओघ येतो, हे तज्ज्ञ कधीपासून सांगताहेत, पण 'परत वाच' म्हटल्यावर कुठलं मूल परत वाचतं? इथे तो न सांगता वाचतो, कारण रेकॉर्डिंग चांगलं यायला हवं. आता परिच्छेद पार झालाय, गोष्टीत थोडा अडखळतो. 'पर्वत' नीट येतो. 'दऱ्या'ची लढाई चालू आहे.

धडे संपल्यावर स्टोरीवीव्हरवरच्या मराठी गोष्टी घेतल्या. प्रथम बुक्सचं हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या असतात आणि छापून घ्यायला परवानगी आहे. काळ्या-पांढऱ्या प्रिंटवरही स्टिकर झकास चालतो, कारण ठिपके स्टिकरवर असतात. 'किशोर' मासिकाचे जुने अंकही बालभारतीनं ऑनलाइन ठेवलेत, १९७१ पासूनचे. ते मात्र आप्पाच वाचत बसतात. कंपनीची आठ पुस्तकं पाहुण्यांच्या मुलांसाठी वरच्या फळीवर.

आता बिघाड. चार्जिंगची पिन ढिली झाली. वॉरंटीत आहे, पण कुरिअरचे अडीचशे आपले, आणि हेच पेन दुरुस्त करून देणार नाहीत, 'दुसरं पेन' देणार. मी विचारलं, आतले आमचे आवाज? 'डेटाची जबाबदारी कंपनीची नाही.' म्हणजे स्टिकर आपल्याकडे आणि त्यांचे आवाज त्यांच्या भंगारात! तासभर वाद घातला, सुपरवायझर झाला, परत तीच वाक्यं. शेवटी घरीच मार्ग निघाला. कॉम्प्युटरला जोडलं की पेन पेनड्राइव्हसारखं उघडतं आणि रेकॉर्डिंग एका फोल्डरमध्ये साध्या ऑडिओ फायली म्हणून असतात. मुलानं केबल तिरकी दाबून धरली, हिरवा दिवा लागला तेवढ्यात मी सगळं कॉपी केलं. हात हलला की दिवा जायचा, आणि आप्पा मागून 'हलू नको रे' म्हणत उभे. नवीन पेन आल्यावर फायली त्याच नावांनी त्याच फोल्डरमध्ये टाकल्या, सगळे स्टिकर पहिल्यासारखे बोलले. हे माहितीपत्रकात कुठेच नाही. तुमच्याकडे असलं पेन असेल तर आजच कॉपी काढून ठेवा.

घ्यावं का? मूल वाचायला बसताना शेजारी बसणारं कोणी असेल तर पेन लागत नाही, प्रिंटआउट आणि तुमचं बोट पुरे. आमच्याकडे दोघांची नोकरी आणि आप्पा संध्याकाळी कट्ट्यावर, म्हणून उपयोगी पडलं. पण साडेतीन हजारांचा सेट घेऊ नका. नुसतं पेन आणि स्टिकर मिळतात का विचारा. नाही म्हणाले तर वापरलेलं पेन बघा, फक्त पिन हलवून घ्या. स्टिकरचं जादा पान साडेतीनशेला आहे, ती शुद्ध लूट. ते घ्यायची गरज नाही: गोष्ट वाचून झाली की स्टिकर अलगद काढून पुढच्या कागदावर लावायचा आणि त्यावरच नवीन आवाज भरायचा. आमचे तीन-चार वेळा तरी चिकटतात, नंतर वर सेलोटेप न लावता कडेनं गोंद लावा.