‘आजीवन लिंक’ अकरा महिन्यांत बंद

"सर, लिंक उघडूनच नाही राहिली जी." कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या, फाइली छाननीला लागल्या की विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांतून ग्रंथालयाकडे हा निरोप हमखास येतो.

यवतमाळकडचं एक प्रकरण घ्या. पऱ्हाटीवरच्या गुलाबी बोंडअळीवरचा शोधनिबंध. कास्तकारांच्या बांधावर जाऊन माहिती जमवलेली, काम खरं. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली: ‘यूजीसी केअर मान्यताप्राप्त, डीओआयसह, ४८ तासांत प्रकाशन, आजीवन ऑनलाइन.’ (यूजीसी केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी, डीओआय हा लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक.) प्रकाशनाचे १,८०० रुपये, डीओआयचे ५००, आणि ‘डिजिटल जतन शुल्क’ ७००. क्यूआर कोड स्कॅन केला तर पडद्यावर नियतकालिकाचं नाही, कुणा एका माणसाचं नाव आलं. खरं तर तिथंच बोट थांबायला हवं होतं. पण फाइलची तारीख तोंडावर होती. दुसऱ्या दिवशी सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र आलं, अकरा महिन्यांनी संकेतस्थळच गेलं. डोमेन एका वर्षासाठी घेतलेलं होतं आणि निबंध लागला तेव्हा त्यातला एक महिना सरला होता. डोमेन कधी नोंदवलं ते हूइजमध्ये फुकट दिसतं. ‘खंड १५’ छापणाऱ्याचं डोमेन महिन्याभराचं कसं, हा प्रश्न तेव्हाच पडला असता.

आता ते ७०० रुपये. जतन म्हणजे पीडीएफ सर्व्हरवर चढवणं नव्हे. प्रकाशक बुडाला तरी लेख उरावा म्हणून त्याच्या प्रती क्लॉक्स, पोर्टिको, पीकेपी प्रिझर्व्हेशन नेटवर्क अशा त्रयस्थ यंत्रणांकडे ठेवाव्या लागतात. कोणतं नियतकालिक कोणाकडे, कोणत्या खंडापर्यंत जतन झालंय, हे कीपर्स रजिस्ट्री सांगते. ती आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आठ आकडी ओळखक्रमांक, त्याच्या पोर्टलवरच आहे, पैसे लागत नाहीत. तिथं नियतकालिकाचा हा क्रमांक टाकला आणि एकाही यंत्रणेचं नाव आलं नाही, तर जतन शुल्क कशाचं? अर्थात, नाव नाही म्हणून प्रत्येक जण ठग ठरत नाही. २००० ते २०१९ या काळात मुक्त प्रवेशाची (कुणालाही फुकट वाचता येणारी) १७४ नियतकालिकं वेबवरून नाहीशी झाल्याचं एका अभ्यासात आढळलं, त्यांत प्रामाणिक मंडळींचीही होती. फरक इतकाच की त्यांनी जतनाच्या नावावर पैसे उकळले नव्हते.

गंमत म्हणजे या निबंधाचा डीओआय उघडला! सुरुवात होती १०.५२८१. हा झेनोडोचा उपसर्ग. युरोपातली सर्न ही संस्था झेनोडो चालवते. तिथं कुणीही खातं काढून फाइल चढवतो आणि डीओआय फुकट मिळतो. त्याच फुकटच्या आकड्याचे ५०० रुपये घेतले. शिवाय फाइल ठगाच्या खात्यातून चढलेली, म्हणजे नावातली चूक दुरुस्त करायचीही सोय लेखकाकडे नाही. लहान, सचोटीची नियतकालिकंही झेनोडो वापरतात, त्यात वावगं काही नाही. पण डीओआय एवढंच सांगतो की फाइल अमुक ठिकाणी आहे. ती कुणी तपासली, हे तो सांगत नाही. काही जण तर नुसताच डीओआयसारखा दिसणारा आकडा छापतात. तो डीओआय डॉट ओआरजीवर टाकून बघा. सापडलाच नाही, तर नोंदच झालेली नाही.

आयएसएसएनचा शेवटचा अंक घरीच पडताळता येतो. ‘करंट सायन्स’चा क्रमांक ००११-३८९१. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८ ते २ ने गुणा आणि बेरीज करा: ६५. त्याला ११ ने भागून बाकी १०, ती ११ मधून वजा केली की १. जुळलं. (उत्तर १० आलं तर एक्स छापतात, ११ आलं तर शून्य.) यात फक्त कच्चा ठग सापडतो. या प्रकरणातला क्रमांक खराच होता, पण दुसऱ्याचा. पोर्टलवर माध्यम ‘छापील’ होतं, प्रकाशक वेगळा, गाव वेगळं. एका जुन्या त्रैमासिकाला संकेतस्थळ नव्हतं, ते ठगानं त्याच्या नावानं थाटलं. असल्यांना क्लोन म्हणतात. आणि क्रमांक खरा असला तरी तो नुसती ओळख असते, दर्जाचा दाखला नव्हे. भारतात तो दिल्लीहून विनाशुल्क मिळतो.

‘यूजीसी केअर’ची यादी आयोगानं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्यानंतरच्या जाहिरातीत ते शब्द दिसले तर पुढचं वाचूच नका. निवड आता कॉलेज-विद्यापीठांवर सोडलीय, म्हणून छाननी समितीतल्या एकानं तरी आयएसएसएन पोर्टल उघडून बघायला हवं. मुक्त प्रवेशाचं नियतकालिक असेल तर डीओएजे या अशा नियतकालिकांच्या सूचीतही शोधा.

पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट आणि क्यूआरवरचं नाव जवळ ठेवा. निबंध मागे घेत असल्याचं ईमेलनं लेखी कळवा. उलट ‘विथड्रॉवल फी’ मागतील, ती देऊ नका. तोच निबंध दुसरीकडे पाठवताना मात्र आधीचा प्रकार संपादकांना पहिल्याच पत्रात सांगा, नाहीतर दुबार प्रकाशनाचा ठपका लेखकावरच येतो. आणि ठगाचं संकेतस्थळ अजून चालू असेल तर निबंधाचं आणि शुल्काचं पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात आजच साठवा. डोमेन संपलं की तक्रारीला जोडायला ही पानं उरत नाहीत.