स्लीव्हसाठी स्टेपलर घेताना: गोल्ड-ग्रीन की पर्पल-ब्लॅक?

नवं ओटी (ऑपरेशन थिएटर) उभारणारे सर्जन मित्र फोन करतात ते बहुतेक एकाच प्रश्नासाठी: एथिकॉनचा एशलॉन फ्लेक्स घेऊ की मेडट्रॉनिकचा ट्राय-स्टेपल? मी उलट विचारतो, महिन्याला स्लीव्ह, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठर कापून नळीसारखं अरुंद करायची शस्त्रक्रिया, किती करणार, आणि तुमच्या गावात डीलर किती तासांत माल पोचवतो?

मूळ काम दोन्हींचं सारखंच. जठराच्या कापाच्या दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या पिनांच्या तीन-तीन रांगा बसतात आणि मधून पातं फिरतं. पिना इंग्रजी बी अक्षरासारख्या मिटतात, म्हणजे कडेचा रक्तपुरवठा चालू राहतो. 1908 मध्ये बुडापेस्टमध्ये सर्जन ह्यूल्टलने जठरासाठी पहिला स्टेपलर वापरला तेव्हा ते धूड साडेतीन किलोच्या आसपास होतं. आज तेच काम पोटावरच्या छिद्रातल्या 12 ते 15 मिमीच्या नळीतून, म्हणजे पोर्टातून, होतं.

फरक आहे पिनांच्या उंचीत. कार्ट्रिज म्हणजे यंत्रात चढवायचा पिनांचा संच, त्याच्या रंगावरून माप कळतं. एशलॉनच्या एका कार्ट्रिजमध्ये सगळ्या पिना एकाच उंचीच्या: ब्लू 3.6 मिमी, मिटल्यावर 1.5, गोल्ड 3.8, मिटल्यावर 1.8, ग्रीन 4.1, मिटल्यावर 2. ट्राय-स्टेपलमध्ये रांगा पायरीपायरीने वाढतात. पर्पलमध्ये 3, 3.5 आणि 4. ब्लॅकमध्ये 4, 4.5 आणि 5. सगळ्यात बुटकी रांग कापाला लागून, उंच रांग बाहेर.

स्लीव्हमध्ये हे महत्त्वाचं ठरतं, कारण जठराची भिंत सगळीकडे सारखी नसते. अँट्रम, म्हणजे जठराचा खालचा भाग, 3 मिमीच्या आसपास, वर फंडसला, म्हणजे वरच्या घुमटाला, येईपर्यंत पावणेदोनच्या खाली. एशलॉनवर वर सरकताना रंग बदलत जावं लागतं: ग्रीन, मग गोल्ड, मग ब्लू. हातात नेमकेपणा असेल तर ही सोयच आहे, हव्या त्या जाडीला हवी ती पिन. पण त्यासाठी कपाटात तिन्ही रंग हवेत. ट्राय-स्टेपलवर सुरुवातीचे एक-दोन फायर (एकेका कार्ट्रिजने पिना मारून कापणं) ब्लॅकने केले की पुढचं बहुतेक काम पर्पलवर भागतं. छोट्या हॉस्पिटलला हा साठा परवडतो.

साठ्याचं मी उगाच बोलत नाही. एकदा डीलरकडचं जाड कार्ट्रिज संपलं होतं, आणि मी ‘चालेल’ म्हणून पातळ भरलं. अँट्रमवर स्टेपलरचा जबडा उघडला तर अर्ध्या पिना नीट मिटल्याच नव्हत्या, कड उसवल्यासारखी. पाऊण तास हाताने टाके घालत बसलो. चूक माझीच. तेव्हापासून सिस्टर खोकं डोळ्यासमोर धरून रंग मोठ्याने म्हणतात, मी तो परत म्हणतो, मगच कार्ट्रिज चढतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2019 मध्ये स्टेपलरच्या तक्रारी मांडल्या: 2011 ते मार्च 2018 या काळात 41,000 वर, त्यात 366 मृत्यू. चुकीच्या मापाची पिन वापरणं हेही त्यातल्या कारणांत होतं.

पातंही बघा. ट्राय-स्टेपलमध्ये प्रत्येक कार्ट्रिजबरोबर नवं पातं येतं. एशलॉनचं पातं यंत्रातच असतं, म्हणून एका यंत्राला 12 फायरची मर्यादा. एका स्लीव्हला पाच-सहा फायर लागतात, त्यामुळे अडत नाही. तेच यंत्र धुऊन दुसऱ्या पेशंटला वापरायचा मोह मात्र नको, ते एकाच पेशंटसाठी असतं.

हाताचा की बॅटरीचा? हाताच्या यंत्राचा ट्रिगर पुन्हापुन्हा दाबताना टोक हलतं, आणि हात लहान असेल तर सहाव्या फायरला बोटं बोलतात. पॉवर्ड एशलॉन फ्लेक्समध्ये जबडा हाताने मिटायचा, फायर बॅटरी करते. मेडट्रॉनिकच्या बॅटरीवरच्या सिग्नियात मिटणं, वळणं, फायर सगळं बटणावर, आणि टिश्यू जाड लागली की ते आपसूक वेग कमी करतं. त्याचं हँडल निर्जंतुक कवचात घालून पुन्हा वापरता येतं, पण चार्जिंगची जबाबदारी एका ठरावीक माणसावर टाका. मोटर कितीही हुशार असो, जबडा मिटल्यावर 15 सेकंद थांबायचंच. दाबाने टिश्यूतलं पाणी सरकतं, मग पिन नीट बसते.

महिन्याला चार-पाच केसेस असतील तर मी ट्राय-स्टेपलचं हाताचं एंडो जीआयए हँडल आणि पर्पल-ब्लॅक घेईन. पुढे केसेस वाढल्या तर तीच कार्ट्रिजं सिग्नियाला लागतात, कपाट पुन्हा भरावं लागत नाही. मोठ्या शहरात असाल, डीलर दोन तासांत येत असेल आणि तुमचा हात एशलॉनवर बसलेला असेल, तर तो मोडून नवा घालू नका.